पडद्यापलीकडची खोली

१

नाकात काडी गेली की डोळ्यांतून पाणी येतं, आणि ते का आलं म्हणून कोणी विचारत नाही. जुबेदाला त्या चाचणीतलं एवढंच आवडायचं. गाडीच्या खिडकीची काच खाली व्हायची, निळे हातमोजे आत यायचे, काडी नाकातून थेट मेंदूपर्यंत गेल्यासारखी वाटायची आणि दोन्ही गालांवरून पाणी ओघळायचं. ओढणीने पुसून टाकलं की झालं.

"संपलं अम्मी," पुढच्या सीटवरून हम्माद म्हणाला. "आता बंदरावर एकदा. मग जहाजावर अधूनमधून."

"एवढं खुपसून काय सापडतं रे त्यांना?"

"नाही सापडलं तर बरंच ना," सून समरीन हसून म्हणाली.

ती गोष्ट एकवीस सालच्या हिवाळ्यातली. जग अजून पुरतं उघडलं नव्हतं. ज्याला त्याला मोबाईलवरचा हिरवा रंग दाखवून दारातून आत जावं लागे. त्या हिवाळ्यात युरोपातलं एक मोठं प्रवासी जहाज जेद्दाला येऊन लागलं होतं. काही दिवस समुद्रात फिरून, सौदीतल्याच यान्बू बंदरात थांबून, सुएझमधून वर जाऊन ते ग्रीस-इटलीला परतणार होतं. हम्मादने सगळ्यांची जागा धरली. तो किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीच्या बंदरात कंप्युटरवर काम करायचा. जुबेदाही आता त्याच्याकडेच राहायची. का जायचं, हे तो बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती.

त्याचा बाप जमालुद्दीन दाभोळच्या खाडीकाठचा. उभा जन्म जेद्दाच्या बंदरात माल मोजण्यात गेला. जहाजातून उतरणारी पोती मोजायची, खूण करायची, पुढे ढकलायची. घरी यायचा तो वेलचीचा आणि ओल्या गोणपाटाचा वास अंगावर घेऊन. एखादं पांढरं प्रवासी जहाज लांबून दिसलं की म्हणायचा, "एकदा तरी पाव्हणे म्हणून चढू गो. युरोप बघून येव."

साथीच्या पहिल्या उन्हाळ्यात तो गेला. जुबेदालाही ताप आला होता. तो उतरला, पण जाताना नाकातला सगळा वास घेऊन गेला. तेव्हापासून तिला ना फोडणीचा वास यायचा, ना अत्तराचा. मीठ-तिखट अंदाजाने घालायची आणि समरीनला चाखायला लावायची.

२

जहाज म्हणजे गावच होतं. काचेच्या लिफ्ट, गालिचे, पियानो वाजवणारा गोरा म्हातारा. जुबेदाची नात अरवा धावत सुटली. "दादी, देखो, स्विमिंग पूल के ऊपर भी स्विमिंग पूल है!"

खोल्या मात्र एकदम टोकाला मिळाल्या. आधी हम्माद-समरीनची, तिच्याच कडेला जुबेदाची, आणि त्यापुढे बोळात वरपासून खालपर्यंत जाड पारदर्शक प्लास्टिकचा पडदा. मधोमध बॅगेला असते तशी चेन. पलीकडे आणखी काही दारं धुक्यातल्यासारखी दिसत होती.

"ते काय आहे?" समरीनने विचारलं.

सामान घेऊन आलेला खोलीवाला थबकला. जुबेदाची ओढणी, तिचं "अल्ला, किती लांब आणलंस" हे बोलणं ऐकून त्याचा चेहरा उजळला होता. तो वेंगुर्ल्याचा होता. नाव कमलाकर.

"चाचणीत कोण सापडलं तर त्यांना वेगळं ठेवायच्या खोल्या आहेत ताई. सगळ्या रिकाम्या आहेत. काळजी नको." मग जुबेदाकडे वळून म्हणाला, "काकी, माशाचं कालवण मिळणार नाही इथं. पण भात तेवढा मऊ करून घेऊन येईन."

हम्माद खोली बदलून मागायला निघाला. जुबेदाने त्याला अडवलं. तिला ती जागा शांत वाटली होती.

सगळे गेल्यावर ती पलंगावर बसली. समोर गोल खिडकी, खिडकीत जेद्दाच्या क्रेन. जहाज हळूहळू सुटलं तेव्हा क्रेनच मागे सरकल्यासारख्या वाटल्या. याच क्रेनखाली तो उभा असायचा. तिने डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला.

वेलची.

ती दचकली. परत श्वास घेतला. होय, वेलचीच. इतक्या काळानंतर पहिला वास. तिला हसू आलं, रडूही आलं. नाक परत आलं म्हणायचं! तिने घाईघाईने बॅगेतली अत्तराची बाटली काढून हुंगली. काही नाही. साबण हुंगला, आंब्याच्या लोणच्याची बरणी उघडून नाकाशी धरली. काहीच नाही.

बाटली बंद केली तेव्हा पुन्हा वेलची आली, आणि तिच्यामागून ओलं गोणपाट.

कुठेतरी अरबी कहवा उकळत असेल, तिने स्वतःला सांगितलं. कहव्यात वेलची असतेच. हवा सगळ्या खोल्यांतून नळ्यांमधून फिरते. गोणपाट मात्र कहव्यात नसतं, पण तेवढा विचार तिने केला नाही.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा नुकता डोळा लागला होता. भिंतीपलीकडे कोणी तरी खोकलं. कोरडं, आखूड खोकणं, आणि पाठोपाठ दमलेला उसासा: "अल्ला रे…"

जुबेदा उठून बसली.

हा खोकला तिने बंद दाराबाहेर बसून ऐकला होता. जेद्दाच्या शराफिया वस्तीतल्या त्यांच्या घरात. खाली मलबारी हॉटेल बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. ताप आला त्याच दिवशी जमालुद्दीन आतल्या खोलीत गेला आणि त्याने आतून कडी घातली. ती दाराशी चहा ठेवायची, लांब सरायची, मग दार किलकिलं व्हायचं आणि एक हात पेला आत घ्यायचा. "एकदा तोंड बघू द्या," ती दाराला कपाळ लावून म्हणायची. आतून उत्तर यायचं, "लांब रव गो. तुला काय झाला तर पोराला कोन हाय?" तिने विनवलं, रागावली, शेवटी भांडलीसुद्धा. कडी काही निघाली नाही. मग पांढरे अंगरखे घातलेली माणसं आली आणि त्यांच्या गराड्यात तो जिना उतरून गेला. तिला दिसली ती पांढरी पाठ. त्यानंतर एक फोन आला तो गेल्याचा आणि दुसरा दफन झाल्याचा. हम्माद तेव्हा इकॉनॉमिक सिटीच्या हद्दीत अडकलेला. रस्ते बंद होते.

ती भिंतीजवळ गेली. कान लावला. आत पेला ठेवल्याचा आवाज झाला.

संध्याकाळी कमलाकर भात घेऊन आला तेव्हा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "या बाजूला कोण राहायला आलंय?"

"कोणी नाही काकी."

"खोकत होतं."

"पाईपांचे आवाज येतात काकी. जहाज म्हणजे निम्मं पाईपच." तो हसला, पण ताट टेबलावर ठेवताना त्याने भिंतीकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, असं तिला वाटलं.

४

तिने कोणाला सांगितलं नाही. हम्मादला काय सांगणार? बापाचं नाव निघालं की तो उठून पाणी प्यायला जायचा. त्या दिवसांबद्दल मायलेकरांत एक शब्द झाला नव्हता.

तिने डोकं चालवून बघितलं. एखादा पाकिस्तानी म्हातारा असेल. आजारी माणसं सगळी सारखीच खोकतात. तिचंच मन भ्रमत असेल. बाई एकटी पडली की भिंतीसुद्धा बोलायला लागतात, असं तिची सासू म्हणायची. हे सगळं पटत होतं. तरी जेवण झालं की ती नातीला गोष्ट सांगायचं टाळून खोलीत यायची आणि भिंतीशी खुर्ची ओढून बसायची.

एकदा बोळातून येताना तिला पडद्यापलीकडे पहिल्या दारापाशी ताट दिसलं. जेवून झालेलं. भाताचं शीतही उरलेलं नव्हतं. लिंबाची फोड पिळून पेल्यात टाकलेली.

कमलाकर चेन उघडून ते ताट काढत होता. अंगभर पांढरा अंगरखा, डोळ्यांवर काच. तिला पाहून तो ओशाळला.

"रिकामी म्हणालास ना?"

तो बाहेर आला, चेन लावली, अंगरख्याची टोपी मागे केली. कपाळ घामाने निथळत होतं.

"काकी, मला स्वयंपाकघरातून ताट मिळतं, त्यावर या खोलीचा आकडा असतो. मी ठेवतो. दार वाजवतो आणि मागे फिरतो. माझं काम तेवढंच."

"आत कोण आहे ते बघितलंस?"

"नाही. डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला, तिथं कोणी नाही, ताट चुकून निघत असेल." त्याने आवाज खाली आणला. "पण ताट रिकामं परत येतं. मी घरी बायकोलापण सांगितलं नाही. तुम्ही खोली बदलून घ्या काकी. माझं ऐका."

जुबेदाने मान हलवली. खोली मात्र बदलली नाही. उलट त्या दिवसापासून तिला चाचणीची ओढ लागली. खालच्या दालनात रांग लागायची, नाकात काडी जायची, तासाभराने हम्माद अंगठा वर करून सांगायचा, "सगळे निगेटिव्ह!" समरीन सुटकेचा श्वास टाकायची. एकदा तरी आपल्यात सापडावं, असं जुबेदाला मात्र वाटायचं. मग मला कोण अडवणार?

असला विचार मनात आला याची तिला भीती वाटली. नातीकडे बघून ती मनातल्या मनात तोबा तोबा म्हणाली.

५

यान्बूला जहाज दिवसभर थांबणार होतं. जुनं गाव, प्रवाळाच्या दगडांची घरं, मासळीबाजार. सगळे उतरले. जुबेदाने गुडघा दुखतो म्हणून सांगितलं.

"दादी, पक्का नहीं आओगी?"

"तू बघून ये, मला येऊन सांग."

माणसं गेल्यावर जहाज पोकळ झालं. गालिच्यावर स्वतःचं पाऊलही वाजत नव्हतं. भर दुपारचं ऊन खिडकीतून पलंगावर पडलं होतं. ती भिंतीशी बसली. वेलचीचा वास आज इतका दाट होता की घशाला लागत होता.

"अहो," ती हळूच म्हणाली. पहिल्यांदाच.

पलीकडे खुर्ची सरकली. पावलं भिंतीपर्यंत आली आणि थांबली. मधे फक्त तो पातळ पत्रा.

"ये गो," पलीकडून आवाज आला. "दार उघडा हाय."

पुढे काय केलं हे तिला नंतर तुकड्यातुकड्यांनीच आठवलं. चेन वर ओढताना झालेला करकर आवाज. प्लास्टिक गालाला चिकटलं. आतली हवा थंड, फार थंड. पहिलं दार खरंच उघडं होतं, हातभर.

आत पडदे ओढलेले. पलंगाच्या कडेवर, दाराकडे पाठ करून, कोणी बसलेलं होतं. अंगात बनियन. खांदे पुढे पडलेले. तिची नजर मानेवर गेली आणि तिथेच राहिली.

कर्फ्यू लागला तेव्हा न्हाव्यांची दुकानं बंद होती. तिनेच स्वयंपाकघरातल्या कात्रीने त्याचे केस कापले होते. मानेवर रेघ वाकडी गेली, डावीकडे चढली. तो आरशात बघून म्हणाला होता, पोती शिवायची सुई दिली असती तर याहून सरळ गेली असती. दोघं खूप हसले होते. त्यानंतर आठवड्याच्या आत त्याने कडी घातली.

समोरच्या मानेवरची रेघ तशीच वाकडी होती. डावीकडे चढलेली. ताजी. एक केसही वाढला नव्हता.

"ये," तो म्हणाला. मान वळली नाही. "ये गो आत."

तिचा पाय उंबऱ्यावर होता. आणि तेवढ्यात तिला, कसं कोण जाणे, एक गोष्ट लख्ख कळली. हा माणूस तिला कधीच आत बोलावणार नाही. मरणाच्या दारातसुद्धा ज्याने लांब रव म्हटलं, तो "ये" म्हणणार नाही.

मग हा कोण?

मान वळू लागली. जुबेदाने दार ओढून घेतलं. दाराच्या मुठीचा थंडपणा हाताला चिकटला. ती पडद्यातून धडपडत बाहेर आली, आपल्या खोलीत शिरली आणि पलंगाच्या कोपऱ्यात उशी छातीशी धरून बसून राहिली. भिंतीपलीकडून काही आवाज आला नाही. त्या शांततेनेच तिला रडू फुटलं. तो असेल तर आपण त्याच्या तोंडावर दार लावलं. आणि नसेल, तर तो दुसऱ्यांदा गेला.

६

सगळे परतले तेव्हा ती मासळीचं वर्णन ऐकून हसली. सौदीचा किनारा सोडण्याआधीची चाचणी त्याच संध्याकाळी होती. काडी गेली, डोळ्यांत पाणी आलं.

या वेळी हम्मादने अंगठा वर केला नाही. दारात जहाजाचा डॉक्टर उभा होता, मागे अंगरखा घातलेला कमलाकर.

"अम्मी, थोडंसंच आहे," हम्माद म्हणाला. ओठ पांढरे पडले होते. "लस झालीये तुझी. काही होणार नाही. सकाळी यान्बूहून रुग्णवाहिका येईल, आपण सगळेच उतरू. युरोप राहू दे."

"ताप नाही, खोकला नाही," जुबेदा म्हणाली. "मशीन चुकलं असेल."

डॉक्टरने मान हलवली. दोनदा बघितलं होतं.

"फक्त सकाळपर्यंत," समरीन म्हणाली. तिने पुढे यायला पाऊल उचललं. डॉक्टरने हात आडवा केला. अरवा आईच्या मागून रडत होती. मायलेकींना त्यांच्या खोलीत थांबायला सांगितलं. हम्मादने आईची मोकळी झालेली खोली मागून घेतली. भिंतीला भिंत असली तर बरं, म्हणाला.

बोळात कमलाकर चेनीशी घुटमळला. "काकी, मी पुढची खोली द्या म्हणून सांगितलं. ती साफ केलेली नाही म्हणतात. हीच तेवढी तयार आहे."

"असू दे रे बाबा. तू काय करणार?"

"दिवा लावून ठेवलाय. सगळे दिवे." त्याने चेन उघडून धरली.

७

खोली रिकामी होती. चादर ताणलेली, खुर्ची टेबलाखाली, न्हाणीघर कोरडं. कोणी कधी राहिलंच नसेल अशी. जुबेदाने श्वास घेऊन पाहिला. कसलाच वास नाही. मघरिबची, दिवेलागणीच्या नमाजाची वेळ झाली होती. तिने नमाज पढली, दुआ मागितली. कोणासाठी मागावी ते नीट सुचलं नाही, म्हणून नेहमीच्याच मागितल्या. मग पलंगावर मधोमध बसली.

भिंतीवर टकटक झाली. ती ताडकन उठली.

"अम्मी, मी आहे." हम्मादचा आवाज. "जेवलीस?"

"जेवते. तू?"

तो अगदी भिंतीला तोंड लावून बोलायला लागला.

"अम्मी, त्या दिवशी मी निघालो होतो. तुला कधी सांगितलं नाही. नाक्यावर पोलिसांनी अडवलं. परवाना नव्हता. मी म्हटलं, माझे अब्बा गेले. तो पोलीस माझ्याएवढाच होता, तोही रडला, पण सोडलं नाही. मी तिथेच गाडीत बसून राहिलो. दफन झाल्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो."

"हम्माद…" तिने भिंतीवर तळवा ठेवला. "मला वाटलं तू घरीच होतास."

"तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती."

"वेड्या. अरे वेड्या."

तो रडत होता. लहानपणी रडायचा तसाच, तोंड दाबून. तिने त्याला रडू दिलं. स्वतःही रडली. इतक्या दिवसांनी त्या दोघांनी त्या माणसासाठी एकत्र डोळ्यांतून पाणी काढलं, आणि तेही मधे भिंत ठेवून.

मग हम्माद एकदम गप्प झाला.

"अम्मी, तू कुणाशी बोलतेस?"

जुबेदा बोलत नव्हती.

"कोणाशी नाही."

"आवाज येतोय. आतून. तुझ्या बाजूने." त्याचा श्वास जोरात चालला होता. "अम्मी, अब्बांसारखा… माझं नाव घेतायत. ये म्हणतात. दार उघडा हाय, म्हणतात."

तिला काहीच ऐकू येत नव्हतं. दिवे लखलखत होते. खुर्ची जागच्या जागी होती. पण वेलचीचा वास आला, ओल्या गोणपाटाचा आला, आणि बोळात हम्मादच्या खोलीचं दार उघडल्याचं तिने ऐकलं. पाठोपाठ चेनीची करकर.

"हम्माद!" ती ओरडली. लहानपणी तो गावी खाडीत उतरायला लागला की ओरडायची तशी. "मागे फिर! टीव्ही लावलाय मी. तिथं कोणी नाही. पोरगी रडतेय तुझी, तिच्या दाराशी जा."

पावलं थांबली.

"टीव्हीवर आपली बोली, अम्मी?"

"मागे फिर म्हटलं ना! आईचं ऐकायचं नाही का?"

तो दाराबाहेर उभा होता. तिला त्याचे बूट दाराच्या फटीत दिसत होते. खूप वेळ उभा राहिला. तिने दाराची मूठ आतून दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. शेवटी बूट वळले. चेन लागली. पलीकडे दार बंद झालं, आणि मग अरवाला हाक मारणारा त्याचा आवाज भिंतींमधून लांब लांब गेला.

जुबेदा दारापासून वळली. रिकाम्या खोलीकडे बघत, संसारात कितीदा तरी बोलली असेल तशा रागावलेल्या, दमलेल्या आवाजात म्हणाली,

"पोराला कशाला बोलावता? मी आहे ना इथं."

ती पलंगाशी गेली, चपला काढल्या, ओढणी नीट केली आणि एका कडेला सरकून भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

थोड्या वेळाने पलंगाची दुसरी बाजू हळूच दबली.

जुबेदाने मागे वळून पाहिलं नाही.